बक्षीसपत्रातली माया

वडील एका मुलाकडे, आई दुसऱ्याकडे, आणि सहा महिन्यांनी अदलाबदल. ‘बागबान’मधली चार मुलं हा तोडगा काढतात तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या घरात कुणीतरी डोळे पुसतंच. रवी चोप्रांनी दिग्दर्शित केलेला, अमिताभ बच्चन आणि हेमा मालिनी यांचा हा चित्रपट २००३ च्या ऑक्टोबरमध्ये लागला. म्हातारपण आणि मुलं हा विषय निघाला की त्याचं नाव अजूनही सगळ्यांत आधी घेतलं जातं.

रडण्याबद्दल तक्रार नाही. कौटुंबिक मेलोड्रामाचं ते कामच आहे आणि ‘बागबान’ ते चोख करतो. तक्रार अशी की त्याने हा प्रश्न भलत्याच खात्यावर जमा केला. नायक राज मल्होत्रा बँकेत नोकरी करतो. जन्मभर लोकांच्या ठेवी सांभाळलेल्या या माणसाच्या हाती निवृत्तीच्या दिवशी स्वतःपुरतंही काही उरलेलं नसतं, कारण मिळवलेलं सगळं मुलांवर खर्चलेलं असतं. चित्रपट याला त्याचा मोठेपणा म्हणतो. चार मुलांत पैसा वाटताना बायकोच्या उतारवयाचा हिशोब या माणसाने मांडलाच नाही, हे पडद्यावर त्याला एकदाही कुणी विचारत नाही. पुढचा सगळा वेळ मुलांच्या कृतघ्नपणावर जातो, आणि एकदा कृतघ्नपणा हा मुद्दा ठरला की उत्तरही त्याच मापाचं येतं: शाप, पश्चात्ताप, किंवा देवमाणसासारखा एखादा परका मुलगा.

ही गाठ मराठी प्रेक्षकाला नवी नव्हती. राजा परांजपे यांच्या ‘ऊन पाऊस’मध्ये (१९५४) निवृत्त मास्तर आणि त्याची बायको अशीच मुलांमध्ये वाटली जातात. त्यावरून बी. आर. पंतुलूंनी १९५८ साली कन्नडमध्ये ‘स्कूल मास्टर’ केला. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मध्ये तर मूळ चूक पहिल्याच प्रवेशात घडते: अप्पा बेलवलकर जिवंतपणी सगळं वाटून मोकळे होतात. शिरवाडकरांचं नाटक त्या उदारपणाची किंमत शेवटपर्यंत वसूल करतं. हिंदी मेलोड्रामा ती वसूल करायचं टाळतो. १९८३ च्या ‘अवतार’मधला राजेश खन्ना गॅरेजमधून श्रीमंत होतो, ‘बागबान’मधल्या राजचं पुस्तक गाजतं, आणि पैसा आल्यावर मुलांना दारातून परत पाठवण्याची ऐट दोघांनाही परवडते. ज्यांचं पुस्तक कुणी छापत नाही त्यांनी काय करायचं, हा खरा सार्वजनिक प्रश्न, आणि त्याच्यावर पडदा पडतो.

‘समोरचं ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये’ असं मराठीत म्हणतात. आता हा पाट कायद्याच्या भाषेत कुठे असतो ते पाहू.

आधी आलोक. सलमान खानने केलेला हा पाचवा मुलगा पोरका, राजने शिकवून मोठा केलेला. शेवटी तोच आई-वडिलांना घरी नेतो. चित्रपटाचा सगळा नैतिक भार त्याच्या खांद्यावर आहे. कायद्याच्या चौकटीत मात्र त्याला जागाच नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ सालचा. त्यातल्या कलम ११ नुसार हिंदू मुलगा हयात असताना दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. म्हणजे चार मुलांच्या बापाला त्या कायद्याखाली आलोकला दत्तक घेणं शक्यच नव्हतं. तो या दोघांना सांभाळतो ते निव्वळ मर्जीने, उद्या त्याने हात वर केले तर त्याच्यावर दावा लागत नाही. उलट बाजू अधिक बोचरी आहे. राज मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्याच वारसा कायद्याने त्याच्या मिळकतीचे पाच हिस्से होतात, एक पूजाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, आणि चार त्या चार मुलांचे. आलोकच्या वाट्याला शून्य. गाजलेल्या पुस्तकाचं मानधनही याच हिशोबाने त्या चौघांत जाईल! प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून दिलेला न्याय टिकवायचा असेल तर राजला दोन साक्षीदारांसमोर एक मृत्युपत्र करावं लागेल. तो प्रसंग पटकथेत नाही.

आणि पूजा? नवऱ्याच्या मागे तिचा हक्क राहत्या घराच्या पाचव्या हिश्शावर. उरलेले चार हिस्सेदार वाटणी मागू शकतात. घराचे तुकडे पडत नाहीत, त्यामुळे वाटणीचा व्यवहारात अर्थ बहुतेक वेळा विक्री असा होतो. इथे आपल्याकडे जे सर्रास घडतं ते मेलोड्रामाच्या नजरेत कधी आलंच नाही: तेराव्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत आई आणि बहिणी मुलांच्या नावे हक्कसोडपत्रावर सह्या करतात. भांडण नसतं, आरडाओरडा नसतो, उलट सगळे एकत्र बसून चहा पितात. आईचा पाट जातो तो अशा शांत दुपारी.

बापाच्या हयातीत हेच काम बक्षीसपत्र करतं. महाराष्ट्रात २०१५ पासून राहती जागा किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. काही शहरांतला अधिभार आणि दस्तलेखकाची फी वेगळी. सवलत चांगल्या हेतूने दिली, पण तिने एक मोह तयार केला. ‘नंतर वारसनोंदीची कटकट कशाला, आत्ताच करून टाकू’ हे वाक्य दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारात फार स्वस्तात अंमलात येतं. २०० रुपयांत दिलेलं घर परत घ्यायला मात्र वर्षं जातात, कधी मिळतच नाही.

कारण बक्षीस एकदा स्वीकारलं की मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १२६ नुसार ते देणाऱ्याच्या नुसत्या इच्छेने रद्द होत नाही. ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ अशी अट घातली तर तेवढ्यापुरतं बक्षीसच निरर्थक ठरतं. मग २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा आला. त्यातल्या कलम २३ ने एक खिडकी उघडली. साठी ओलांडलेल्या माणसाने, घेणाऱ्याने आपल्या मूलभूत गरजा भागवाव्यात या अटीवर मिळकत दिली असेल आणि घेणाऱ्याने ते केलं नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने किंवा दबावाखाली झालं असं मानून न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकतं. फक्त बक्षीसपत्र नव्हे, हक्कसोडपत्रही यात बसू शकतं. कायदा लागू होण्याआधीचे दस्त मात्र यात येत नाहीत.

सगळी मेख ‘या अटीवर’ या शब्दांत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हक्कसोडपत्राच्या प्रकरणात स्पष्ट केलं की सांभाळण्याची अट दाखवता आली नाही तर कलम २३(१) लागू होत नाही. जवळच्या माणसांना मिळकत देताना लोक अनेकदा परतफेडीची अपेक्षा न ठेवता, मायेपोटी देतात, असंही न्यायालयाने नोंदवलं. आता आपल्याकडचं कुठलंही बक्षीसपत्र उघडून वाचा. साचा ठरलेला: ‘लिहून घेणार हे लिहून देणार यांचे चिरंजीव असून त्यांच्यावरील नैसर्गिक प्रेम व माया यापोटी, स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय...’ हिंदी चित्रपटाला आवडेल असंच हे वाक्य आहे, आणि उद्या म्हाताऱ्याच्या विरोधात वाचलं जाणारंही हेच. मायेपोटी दिलं असं तुम्हीच लिहून ठेवलं, दडपण नव्हतं हेही तुम्हीच लिहिलं, मग अट होती हे सिद्ध कशाने करणार?

२ जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने थोडा दिलासा दिला. त्या प्रकरणात मध्य प्रदेशातल्या आईने मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं, आणि सोबत मुलाने आयुष्यभर सांभाळण्याचं वेगळं वचनपत्र दिलं होतं. दोन्ही कागद एकत्र वाचून न्यायालयाने बक्षीस रद्द केलं, ताबा आईकडे द्यायला सांगितलं, आणि हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायला हवा असं म्हटलं. पण नीट पाहिलं तर तिथेही ती वाचली ती कागदामुळेच. वचनपत्र नसतं तर आईचे हाल तेवढेच असते आणि निकाल बहुधा वेगळा लागला असता.

म्हणून ज्याला जिवंतपणी द्यायचंच आहे त्याने मायेच्या वाक्याखाली आणखी एक परिच्छेद लिहून घ्यावा. भाषा साधी चालते: ‘लिहून घेणार यांनी लिहून देणार व त्यांची पत्नी यांना, तसेच दोघांपैकी मागे राहील त्यास, सदर मिळकतीत हयातभर एकत्र राहू द्यावे आणि त्यांचे अन्न, वस्त्र, औषधोपचार व सेवाशुश्रूषा स्वखर्चाने करावी. ही अट प्रस्तुत बक्षीसाचा मूळ आधार असून तिचा भंग झाल्यास सन २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे हे बक्षीस रद्द करून घेण्याचा हक्क लिहून देणार यांस राहील.’ यात तीन गोष्टी चुकतात आणि महागात पडतात. एक, फक्त स्वतःचं नाव घालून बायकोचं विसरणं. दुसरी, ‘काळजी घ्यावी’ एवढंच मोघम लिहिणं. राहणं, जेवण, औषध असं वेगवेगळं लिहिलं तर भंग दाखवता येतो. तिसरी, अट तोंडी ठेवणं, कारण ‘पोराला वाईट वाटेल’. ज्या पोराला एका परिच्छेदाचं वाईट वाटतं त्याला घर द्यायचं की नाही, याचं उत्तर तिथेच मिळालेलं असतं.

खरं तर बहुतेकांना बक्षीसपत्राची गरजच नसते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, आणि मत बदललं तर नवीन करता येतं. दोन साक्षीदार हवेत, त्यांनी सही करताना पाहिलेलं हवं, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नये. वय झालं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवावा, कारण पुढे वाद निघतो तो नेमका ‘बाबांना तेव्हा कळत होतं का’ यावर. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे काम झालं, हा गैरसमज तर फारच पसरलेला आहे. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, त्या कागदाने मालकी ठरत नाही. आणि मृत्युपत्रात घर आधी बायकोला, तिच्यानंतर मुलांना, असा क्रम घातला की पाचव्या हिश्शाचं संकट टळतं.

घर गेलेलं नाही पण हातात पैसा नाही, किंवा दोन्ही नाही, अशा वेळी काय? २००७ च्या कायद्याने प्रत्येक उपविभागात न्यायाधिकरण ठेवलं आहे. आपल्याकडे ते काम प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, बघतात. अर्ज स्वतः करता येतो, जमत नसेल तर अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था करते, न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. अर्ज कुठे करायचा हे इथे महत्त्वाचं: आई-वडील राहतात किंवा शेवटचे राहत होते त्या जिल्ह्यात, किंवा मुलं राहतात तिथे. म्हणजे राज एका शहरात आणि पूजा दुसऱ्या शहरात असली तरी दोघांनी एकत्र राहत होते त्या जिल्ह्यात अर्ज केला असता तर चाललं असतं. मागणीत ‘दोघांची राहण्याची सोय एकाच ठिकाणी’ हे शब्द घालायला विसरू नये. निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार येतात, एकमेकांची सोबत मात्र येत नाही. सहा-सहा महिन्यांची विभागणी निवाऱ्याच्या नावाखाली कायदेशीर दिसू शकते, हे पटकथेपेक्षा भयानक आहे.

अर्ज एका मुलावर केला तरी तो बाकीच्यांना ओढू शकतो. मुलींनाही. आई-वडिलांच्या पोटगीची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितलं आहे. ‘बागबान’ने चारही मुलगेच ठेवून स्वतःचं काम सोपं करून घेतलं. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल, फार तर आणखी ३० दिवस, असं कायदा म्हणतो. मधल्या काळासाठी अंतरिम रक्कम मागता येते आणि ती मागावीच. पण प्रांताच्या टेबलावर भूसंपादन आहे, जमिनीचे वाद आहेत, निवडणूक आली की सगळंच थांबतं. तारीख पडते ती सत्तरीच्या माणसाला. नोटीस ‘पत्त्यावर आढळून आले नाहीत’ म्हणून परत येते, म्हणून अर्जात मुलाच्या घराबरोबर नोकरीचा पत्ताही द्यावा. हुकूम होऊनही पैसे न देणाऱ्यावर वॉरंट निघतं, एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि इथेच बहुतेक आया थांबतात.

रक्कम किती? राज्यांनी मर्यादा ठरवायची, पण महिन्याला १०,००० रुपयांच्या वर जायचं नाही, असं कलम ९ म्हणतं. आकडा २००७ चा आहे आणि आजही तोच आहे. ही कमाल मर्यादा काढून टाकण्याची आणि जावई-सुनांनाही व्याख्येत घेण्याची तरतूद असलेलं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर झालं नाही, २०२४ मध्ये लोकसभेबरोबर संपलं.

मर्यादा निघायला हवी. सुनांना व्याख्येत घेणं मात्र चूक ठरेल, आणि हे म्हणताना मेलोड्रामाच्या मुख्य सवयीशीच भांडण आहे. सासूला बोलणारी, टाइपरायटरच्या आवाजाने झोपमोड झाली म्हणून धुसफुसणारी सून ही या चित्रपटांची आवडती खलनायिका. तिचा नवरा बाजूला मान खाली घालून उभा, आणि प्रेक्षकांचा राग बरोबर तिच्याकडे वळवलेला. प्रत्यक्षात निर्वाहाचा हुकूम मुलावर होतो आणि डायपर बदलायचं काम सुनेकडे येतं, तेही बिनपगारी. चांगल्या सुनेचं चित्र म्हणजे आलोकची बायको, जी हसत सगळं करते आणि जिला कुणी विचारत नाही. शिवाय सुनेला घराबाहेर काढण्यासाठी ज्येष्ठांचा कायदा पुढे करण्याचेही प्रकार झाले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला दिलेला सामायिक घराचा हक्क या कायद्याच्या आडून मोडता येणार नाही. दोन दुबळ्या बायकांना एकाच स्वयंपाकघरात समोरासमोर उभं करून मिळकतीचा मालक असलेला पुरुष नामानिराळा राहतो, ही गोष्ट पडद्यावरही तशीच घडते.

कायद्याने माया उत्पन्न होते का, असा आक्षेप घेतला जातो. होत नाही. पण आपल्या व्यवस्थेने मायेवर किती बोजा टाकलाय तेही बघावं. महाराष्ट्रात निराधार वृद्धांना जी राज्याची मदत मिळते तिचं नावच श्रावणबाळ योजना. वय ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, आणि मदत महिन्याला १,५०० रुपये. कावड खांद्यावर घेणाऱ्या मुलाचं नाव सरकारने स्वतःला लावून घेतलं, वजन मात्र इतकंच उचललं. लातूर जिल्हा परिषदेने आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून पालकांच्या खात्यावर जमा करायचं ठरवलं. आसामने २०१७ मध्ये सरकारी नोकरांसाठी तसा कायदाच केला. उपाय सरकारी पगारापुरताच आहे, पण त्याचं तत्त्व योग्य आहे: मुलाचं मन बदलण्याच्या नादी न लागता पैसे वळते करणं. खासगी नोकरी, दुकान, शेती यांना ही कपात लागू होत नाही. तिथे धरून ठेवण्यासारखी एकच वस्तू उरते, ती म्हणजे मिळकत.

म्हणून मागणी दस्ताच्या जागीच करायला हवी. साठी ओलांडलेल्या माणसाचं बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र असेल तर सांभाळण्याची अट त्यात आहे असंच कायद्याने धरून चालावं. ती नको असेल तर देणाऱ्याने ‘मला ही अट नको’ असं वेगळ्या कागदावर, घेणारा खोलीत नसताना, लिहून द्यावं. आज उलटं आहे: अट हवी असेल त्याने मागायची, आणि तीही मुलगा शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना. कलम २३ मध्ये दोन ओळींचा बदल लागेल. तो होईपर्यंत राज्य सरकारला दस्तांच्या नमुन्यात हा परिच्छेद आधीच छापून ठेवता येईल आणि दुय्यम निबंधकांना एक प्रश्न सक्तीचा करता येईल. आज तिथे आधार तपासतात, फोटो काढतात, अंगठे घेतात, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतात. दस्त झाल्यावर तुम्ही आणि तुमची बायको कुठे राहणार, हे मात्र कुणी विचारत नाही.